वीतभर नळी

३ फेब्रुवारी

वहिनी,

‘प्रिय’ लिहिलं आणि खोडलं, ‘सादर नमस्कार’ लिहिलं आणि खोडलं, म्हणून आता नुसतंच वहिनी. घरात तरी मी तुला दुसरं काय म्हणायचे? तूच मला दोन नावांनी हाक मारायचीस. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर ‘वन्सं’ आणि फाटकाच्या आत ‘मॅडम’. एकदा चुकून भर वॉर्डात ‘वन्सं, सहा नंबरचं बीपी बघता का’ म्हणालीस आणि सगळ्या पोरी महिनाभर मला ‘वन्सं मॅडम’ म्हणून चिडवत होत्या. मी रागावल्यासारखं दाखवायचे, पण मला ते आवडायचं.

पत्राचं कारण कामाचं आहे. नर्सिंग कौन्सिलचं पत्र माझ्या टेबलावर आलंय. तू नोंदणी परत मिळावी म्हणून अर्ज केलायस. हॉस्पिटलला वेगळं काही सांगायचं असेल तर अठ्ठावीस तारखेच्या आत कळवा, नाहीतर चौकशी समितीचा सहा वर्षांपूर्वीचा अहवालच कायम धरला जाईल आणि यानंतर अर्ज करता येणार नाही, असं त्यात आहे. गेल्या वर्षीपासून मी इथली अधीक्षक आहे, हे कुणीतरी तुझ्या कानावर घातलं असेलच. म्हणजे सही माझी.

मी चांगलंच लिहीन, काळजी करू नकोस. बावीस वर्षांची नोकरी, एकही तक्रार नाही, घशाचा वॉर्ड हिच्या एकटीच्या जिवावर चालायचा, असं सगळं. माणसाकडून एखादी चूक होते, ती किती दिवस धरून ठेवायची, असं शेवटी एक वाक्य टाकीन. (हे वाक्य लिहिलं आणि पेन ठेवून गच्चीत दोन फेऱ्या मारून आले. खोडत नाही. मी तुझ्या ‘चुकी’बद्दल लिहू शकते, हे तुला दिसू दे.)

आईची खोली तशीच आहे. तिचा चष्मा अजून टेबलाच्या खणात आहे. त्याचा काही उपयोग नव्हता तरी ती शेवटपर्यंत तो लावून बसायची आणि पायरव ओळखून ‘कोण गं?’ विचारायची. ती गेली तेव्हा दादा एकटाच आला, दोन दिवस राहिला, माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, “तू एवढी मोठी डॉक्टर. समितीपुढे हिच्यासाठी एक शब्द टाकला असतास तर तुझी जीभ झडली असती का?” तू त्याला काहीच सांगितलेलं नाहीस, एवढं मात्र त्या दिवशी मला कळलं.

बाकी मी बरी आहे. एक खोड लागलीय तेवढी. परवा बँकेच्या रांगेत पुढची बाई अगदी निवांत उभी होती आणि मी एकदम मोठ्याने म्हणाले, “श्वास घ्या.” तिने वळून पाहिलं आणि घेतला बिचारीने.

पत्राचं उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

तुझी नणंद


९ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर नाही. मला वाटलंच होतं. मीही दिलं नसतं.

तुला माहीत आहे का, ती अजून बोलते? बसस्थानकात. सहा वर्षं झाली, पण घोषणा तिच्याच आवाजात आहेत. ‘कृपया लक्ष द्या. गाडी फलाट क्रमांक चार वर लागत आहे.’ आकडे वेगळे रेकॉर्ड केलेले, त्यामुळे ‘चार’ आणि ‘वर’ यांच्यामध्ये एक बारीक थांबा येतो. त्या थांब्यात माझं काळीज थांबतं. मी घरून हॉस्पिटलला जाताना बसस्थानक टाळून मागच्या गल्लीने जाते, दहा मिनिटं जास्त लागतात. वारा या बाजूला असला की गल्लीतही ऐकू येतं.

तुझ्या लक्षात असेलच ती. आपण तिला घोषणाबाई म्हणायचो. गोरी नाही, सावळी, हसताना तोंडावर हात धरणारी. स्वरतंतूवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती. गाठ काढल्यावर तीन दिवस अवाक्षर काढायचं नाही असं मीच तिला सकाळी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “डॉक्टर, माझे मिस्टर तुमचे जन्मभर उपकार मानतील.”

तू वॉर्डातली. ऑपरेशनच्या खोलीत काय चालायचं ते तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून क्रमाने सांगते. क्रमाने सांगितलं नाही तर मला पुढचं सांगता येणार नाही.

घशाच्या छोट्या कामांत सर्जन आणि भूलवाली यांना एकच वाट असते. मी तिथे श्वासाची जाड नळी घातली तर त्याला गाठ दिसत नाही. नाही घातली तर पेशंट शांत, न खोकता, स्वतःच्या श्वासावर निजवून ठेवायचा. आपले उस्ताद सर्जन म्हणायचे, “मला सात मिनिटं द्या, आणि त्यात तिने ढेकरसुद्धा द्यायची नाही.” त्यासाठी दोन औषधं. एक पांढरं, दुधासारखं, ते झोपवतं. दुसरं पाण्यासारखं, अफूच्या कुळातलं, ते दुखणं घालवतं आणि खोकला घालवतं. एकेकटी दिली तर दोन्ही भरपूर लागतात. जोडीने दिली तर निम्म्यानिम्म्यात काम होतं आणि पेशंट अर्ध्या तासात उठून बसतो. पण जोडीने ती श्वासही लवकर थांबवतात, एक आणि एक दोन होत नाहीत, तीन होतात. म्हणून डोळे उघडल्यावरही पेशंटच्या कानाशी बोलत राहावं लागतं. पाण्यासारख्या औषधाची गंमत अशी की माणूस जागा असतो, आपलं ऐकतो, ‘श्वास घ्या’ म्हटलं की घेतो, आणि नाही म्हटलं तर घ्यायचं विसरतो. त्याला काहीच त्रास होत नसतो.

या मिश्रणात माझा हातखंडा होता, हे तुला माहीत आहे. लांबून डॉक्टर बघायला यायचे. “बाईंच्या हाताखाली सुंठीवाचून खोकला जातो,” असं उस्ताद सगळ्यांना सांगायचे, आणि मी खोटी खोटी लाजायचे.

त्या दिवशी नऊ कामं होती. घोषणाबाई चौथी. काम झकास झालं. सव्वादहाला ती वॉर्डात, खिडकीजवळच्या चार नंबरच्या खाटेवर आली, हाताला सुई तशीच ठेवलेली, कारण पुढे अँटिबायोटिक द्यायचं होतं. अकरा चाळीसला तू बाटली लावलीस, चिमटा उघडलास, आणि टेबलावरचा काळा फोन वाजला. तू गेलीस. सहा मिनिटं बोललीस. परत आलीस तेव्हा ती निळी पडली होती. वॉर्डातल्या पोरीने मास्क आणेपर्यंत, मी वर धावत येईपर्यंत, सगळं होऊन गेलं होतं.

ती ओरडू शकली नाही, कारण आपण तिला बोलायचं नाही असं सांगितलं होतं. उशाशी लहान वही होती, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. तिने शेवटचं लिहिलेलं तू समितीला वाचून दाखवलंस. “अजून किती वेळ बोलायचं नाही?” तू तिला “तीन दिवस” म्हणालीस आणि ती हसली, असंही सांगितलंस. तिघांपैकी एका सभासदाने तेव्हा घड्याळ पाहिलं होतं, ते मला अजून दिसतं.

अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन, आणि खाजगी फोनमुळे परिचारिका खाटेजवळ नव्हती. असा अहवाल. फोन कुणाचा होता, असं त्यांनी तुला दोनदा विचारलं. तू म्हणालीस, “घरचा होता. उठून गेले ती मी.” माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

फोन माझा होता. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आणि तो हॉस्पिटलच्या कामाचा नव्हता. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कुणी न्यायचं, यावरून मी तुझ्याशी भांडत होते.

समितीने मलाही बोलावलं होतं. जेवढं विचारलं तेवढ्याचं मी खरं उत्तर दिलं.

नणंद


१४ फेब्रुवारी

वहिनी,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं. विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर! आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवत आले, मग स्वतःलाही झोपवायला कितीसा वेळ लागणार.

आता न विचारलेलं सांगते.

पाण्यासारखं औषध मी पंपाने द्यायचे. पंपापासून हातातल्या सुईपर्यंत एक बारीक नळी असते. काम झालं की पंप सोडवायचा, पण सुईला जोडलेला वीतभर तुकडा हातावरच राहतो. त्या वीतभर नळीत औषध उरतं. चमचाभरसुद्धा नाही. पांढरं उरलं असतं तर कुणालाही दिसलं असतं. पण पांढरं मी सुईच्या अगदी जवळून द्यायचे, ते पुढे निघून जातं. मागे राहतं ते पाण्यासारखं, आणि पाण्यासारख्या नळीत पाण्यासारखं औषध कुणाला दिसणार?

म्हणून ती नळी सलाइनने धुवायची. मीच हा नियम घातला होता. सकाळी कामं असतील तितक्या सलाइनच्या सिरिंजा भरून ट्रेमध्ये ठेवायच्या. पेशंट हलवण्याआधी एक पूर्ण ढकलायची आणि मोठ्याने म्हणायचं, ‘धुतली’. मग आतली सिस्टर रजिस्टरमध्ये टिक करायची. भिंतीवर मी हे लावूनसुद्धा ठेवलं होतं, माझ्या अक्षरात.

घोषणाबाई जागी होत होती. मी तिच्या कानाशी वाकून ‘श्वास घ्या, हां, अजून एक’ असं चालवलं होतं. उस्ताद हातमोजे काढत पुढच्याला आणा म्हणत होते. डाव्या हाताने मी सिरिंज उचलायला गेले, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. त्या गुंगीतसुद्धा ती हसत होती. मी तिचा हात थोपटला, आणि म्हणाले, “धुतली.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. वीस वर्षं रोज म्हटलेला शब्द, तो आपला आपणच बाहेर पडला. सिस्टरने टिक केली. समितीने रजिस्टर मागवलं तेव्हा चार नंबरपुढे टिक होती. मी म्हणाले, “नोंद आपल्यासमोर आहे.”

तू बाटली लावलीस, तेव्हा आधी नळीतलं गेलं, मग तुझं अँटिबायोटिक. दीड-दोन मिनिटांत ती श्वास घ्यायचं विसरली असेल. कुणी शेजारी बसून ‘श्वास घ्या’ म्हणालं असतं, किंवा दहा मिनिटं मास्कने हवा दिली असती, तर दुपारी तिने दूध मागितलं असतं. ते औषध रक्तात टिकत नाही, जसं येतं तसं जातं. म्हणून तपासणीत काही सापडलं नाही. झाकली मूठ तशीच राहिली.

पंधरा मिनिटांत मला सगळं कळलं होतं, वहिनी. तुझा जबाब ऐकायच्याही आधी. मी म्हणाले नाही, कारण मला भीती वाटली. आज चांगली कारणं शोधत बसले होते, आईचं वय, हॉस्पिटलचं नाव, पण खरं कारण एवढंच. मी भ्याले आणि तुला पुढे केलं. तुला तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मला बढती.

तू सगळं जाणून गप्प राहिलीस, याचं ओझं मला सहा वर्षं आहे. माझ्यावर तू उपकार केलेस, आणि ते मला सोसत नाहीत.

नणंद


१९ फेब्रुवारी

वहिनी,

परवा फोन वाजला आणि तुझा आवाज आला, तेव्हा मी आधी खोलीचं दार लावून घेतलं. तुला ते दिसलं नाही म्हणून सांगते.

तू नमस्कार केला नाहीस, कशी आहेस विचारलं नाहीस. एकदम म्हणालीस, “वन्सं, नळीचं ते पुन्हा सांगा.” मी सांगितलं. “म्हणजे मी दुसरी कुठली बाटली लावली असती तरी?” हो म्हटलं. “नुसतं सलाइन लावलं असतं तरी?” तरीही, म्हटलं. मग तू इतका वेळ गप्प होतीस की मला वाटलं लाइन कट झाली, आणि माझ्या तोंडातून तेच निघालं, “श्वास घे, वहिनी.”

मग तू रडलीस. मी तुला बावीस वर्षांत कधी रडताना ऐकलं नव्हतं.

“मला काय माहीत नळीचं,” तू म्हणालीस. “मला वाटलं मी मारली तिला. बाटली जोरात सोडली असणार, असं वाटलं. अंगठ्याने चिमटा सरकवलेला आठवायचा, जेवताना आठवायचा. सहा वर्षं मी कुणाच्या हाताला सुई लावली नाही, वन्सं. म्हाताऱ्या माणसांचं करते, न्हाऊमाखू घालते, भरवते. सुई लावायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला बोलवा म्हणून सांगते. हे म्हणतात, अर्ज कर, अर्ज कर. अर्ज तरी यांच्यासाठीच केला मी.”

म्हणजे मी सहा वर्षं चुकीचंच समजत होते. मला वाटायचं तू सगळं ओळखून मला वाचवलंस. तू फक्त फोनचं झाकलंस, घरची गोष्ट घरात राहावी म्हणून, आणि बाकीचं सगळं स्वतःच्या अंगठ्यावर घेऊन बसलीस. मला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. एक वाक्य, तेही तुला एकटीला, समितीला नाही. तेवढंही मी केलं नाही.

आणि त्यानंतर तू जे म्हणालीस त्याने मी दोन दिवस धड जेवलेली नाही. नाक पुसून, अगदी तुझ्या वॉर्डातल्या आवाजात म्हणालीस, “जाऊ दे, वन्सं. नऊ कामं, घाई. चूक कुणाकडूनही होते. तेव्हा तुमच्या लक्षात आलं नाही, तुम्ही काय मुद्दाम केलंत?”

मी “हं” म्हटलं. वहिनी, मी “हं” म्हटलं!

आता हे लिहिते आणि पाकीट बंद करून लगेच टाकून येते, नाहीतर फाडीन.

अकरा वाजून वीस मिनिटांनी शेवटचं काम संपलं. मी ट्रे आवरायला घेतला. सलाइनच्या आठ सिरिंजा रिकाम्या, एक भरलेली. सकाळी मीच मोजून नऊ भरल्या होत्या. ती भरलेली सिरिंज मी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि मला मनगटावरचा तिचा हात आठवला. अगदी तेव्हाच आठवला. चौथी, मी मनात म्हटलं. मग म्हटलं, छे, सिस्टरने एखादी जास्त भरली असेल. आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पण मन काही गप्प बसेना, चोराच्या मनात चांदणं. म्हणून मी वॉर्डात फोन लावला. वहिनी, तो फोन मी त्यासाठी लावला होता. चार नंबरची नळी बघ, बाटली लावायच्या आधी ती नळी काढून टाक, असं सांगायला. तो खाजगी फोन नव्हताच.

तू फोन उचललास आणि मी काही बोलायच्या आत म्हणालीस, “वन्सं, आईंच्या डोळ्यांचं मी काल यांच्याशी बोलले. दर वेळी आम्हीच न्यायचं का? तुम्हाला एक दिवस सुट्टी काढता येत नाही?” आदल्या रात्रीच आपलं त्यावरून वाजलं होतं. तू म्हणालीस ते खरंही होतं. पण मला झोंबलं. मी म्हटलं, मी माणसांचे जीव सांभाळते, माझी सुट्टी आणि तुझी सुट्टी एक नाही. तू म्हणालीस, “हो, तुमच्या हातून कधी काही चुकतच नाही.”

झालं. त्यानंतर ‘माझी एक नळी धुवायची राहिली असेल’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? भांडणात मी वरचढ होते. मला वाटलं, हे मिटू दे, फोन ठेवायच्या आधी सहज म्हणून सांगू. सहा मिनिटं मी तुला बोलून घेतलं. तुझ्या माहेरचं काढलं, आईला तुम्ही ओझं समजता म्हणाले. ती तुझ्यापासून वीस पावलांवर होती. आणि मग पोरीची किंकाळी मला फोनमधून ऐकू आली.

लक्षात आलं नव्हतं, असं नाही. आलं होतं. सांगायला फोन केला आणि तुझ्यासमोर कमीपणा येईल म्हणून सांगितलं नाही. एवढ्यासाठी ती गेली.

आता मला ‘जाऊ दे’ म्हणू नकोस.

आणि आईचे डोळे, तेही राहूनच गेले. त्या दिवसानंतर तिला कुणी नेलंच नाही. तुम्ही निघून गेलात आणि मी डोळ्यांचा विषय निघाला की खोलीतून उठायचे. मी डॉक्टर, आणि माझी आई साध्या मोतीबिंदूने चाचपडत गेली. ‘कोण गं?’ असं तिने विचारलं की मला उत्तर द्यायला वेळ लागायचा.

नणंद


२३ फेब्रुवारी, बसस्थानक

वहिनी,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. हातात देईन, किंवा तू दार लावून घेतलंस तर फटीतून सरकवीन.

परवा सकाळी मी सगळं लिहून दिलं, कौन्सिलला आणि आपल्या हॉस्पिटलच्या विश्वस्तांनाही. नळी, ‘धुतली’, टिक, नववी सिरिंज, फोन. फोन मी केला होता आणि कशासाठी केला होता, तेसुद्धा. परिचारिकेने बाटली नियमाप्रमाणे लावली, आणि ती फोनवर अडकली ती माझ्यामुळे, असं स्पष्ट लिहिलंय. कौन्सिलच्या बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “डॉक्टर, याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत ना?” मी म्हटलं, माहीत आहेत. त्यांनी पोचपावतीवर शिक्का मारून दिला, तो कागद माझ्या पिशवीत आहे. तुझा आहे तो. पुढच्या बुधवारपासून मी भूल द्यायची नाही असं विश्वस्तांनी सांगितलं. मी म्हटलं, बुधवार कशाला, आजपासूनच.

मग घोषणाबाईच्या मिस्टरांकडे गेले. पत्ता जुन्या केसपेपरवर होता. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दारात सायकल. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाले, “आता जा तुम्ही.” दार हळू लावलं. त्यांनी आपटलं असतं तर मला जिना उतरायला सोपं गेलं असतं.

घरी आले तर तुझं कार्ड आलेलं. मायना नाही, सही नाही. “हे रविवारी घरी असतात. येऊन यांच्यासमोर सांगा. पत्र नको.” मी ते शंभरदा वाचलं. त्यात क्षमा आहे का ते शोधत होते. ती नाही, आणि असू नये. पण तू ‘सांगा’ लिहिलंयस. ‘येऊ नका’ लिहिता आलं असतं तुला.

दादासमोर कसं बोलू, हे मला अजून माहीत नाही. लहानपणी माझ्या हातून कपबशी फुटली की तो ‘मी फोडली’ म्हणून आईचा मार खायचा. त्याने तुझ्यासारखीच बायको शोधली, आणि मी दोघांचाही फायदा घेतला.

आईचा चष्मा बरोबर घेतलाय. कशाला, ते सांगता येत नाही. खणात एकटा ठेववेना.

सहा वर्षांनी या बाकड्यावर बसलेय. आल्यापासून ती चौदा वेळा बोलली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून पळावंसं वाटलं, पिशवीसुद्धा उचलली होती. मग बसून राहिले. शेजारची म्हातारी मला म्हणाली, “आवाज किती गोड आहे नाही? हिला कधी सर्दीच होत नाही.” मी हो म्हटलं. घोषणाबाईला मी तीन दिवस बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि ती इथे रोज बोलतेय. गप्प मी बसले होते.

आता पुन्हा बोलतेय. कृपया लक्ष द्या, गाडी फलाट क्रमांक चार, आणि तो थांबा, वर लागत आहे.

माझी गाडी तीच. उठते.